एका जुन्या मोटारसायकलचा स्वभाव



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला मोटारसायकल आणून बसवायची म्हणजे थोडे धारिष्ट्यच झाले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. तेव्हा यंत्राविषयी चार शब्द बोलण्याचा माझा अधिकार आपण मान्य कराल, अशी आशा आहे.

मी ‘बॉक्सर’ मोटारसायकलवर बोलणार म्हटल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने लगेच विचारले, “म्हणजे बजाजची का, गुरुजी?” त्याची काही चूक नाही. बजाजच्या त्या गाडीने आपल्या जिल्ह्यांतील किती शिक्षकांना आणि दूधवाल्यांना वाहून नेले, याला गणती नाही. परंतु तिचे नाव तेवढे बॉक्सर. इंजिन आपले साधे, एका सिलिंडरचे. मी बोलणार आहे ते बॉक्सर जातीच्या इंजिनाबद्दल.

ते कसे असते हे समजण्यासाठी फळ्याची गरज नाही. दोन्ही मुठी छातीसमोर एकमेकींजवळ आणा. आता दोन्ही एकाच वेळी बाहेर न्या, पुन्हा एकाच वेळी आत आणा. मुष्टियोद्धा झुंजीपूर्वी आपले हातमोजे असेच एकमेकांवर आपटतो. त्यावरूनच हे नाव पडले. या मुठी म्हणजे दोन दट्ट्ये, ज्यांना आपण पिस्टन म्हणतो. एक डावीकडे धावला की त्याच क्षणी दुसरा उजवीकडे धावतो, आणि एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. म्हणून हे इंजिन मोठे असूनही अंगाला फारसा हादरा देत नाही.

ही रचना कोणा एकाच्या डोक्यातून एका रात्रीत निघाली नाही. इंग्लंडात डग्लस नावाची मोटारसायकल अशाच समोरासमोरच्या दोन सिलिंडरांची होती आणि पहिल्या महायुद्धात निरोप्ये तिच्यावरून धावत असत. पण तिचे सिलिंडर एक पुढे, एक मागे असे होते. पुढच्याला वारा लागे. मागचा त्याच्या आडोशाला तापत बसे. पुढे जर्मनी युद्ध हरला आणि व्हर्सायच्या तहाने त्याला विमानाची इंजिने करण्यास बंदी झाली. बी.एम.डब्ल्यू. या कारखान्याचा तोच मुख्य धंदा. पोटासाठी दुसरे काही करणे भाग होते. तेथील मॅक्स फ्रिझ हा अभियंता मूळचा विमानांच्या इंजिनांवर काम करणारा. त्याने १९२३ सालच्या ‘आर ३२’ या गाडीत इंजिन आडवे फिरवले आणि दोन्ही सिलिंडर गाडीच्या दोन बाजूंना वाऱ्यात काढले. शक्ती अवघी साडेआठ अश्वशक्तीची! परंतु एका फेरफाराने दोन कामे साधली. दोन्ही सिलिंडरांना सारखा वारा मिळू लागला. आणि क्रँकचा दांडा गाडीच्या लांबीत आल्यामुळे त्याच्याच मागे गिअरपेटी जोडून, साखळीऐवजी एका फिरत्या दांड्याने मागचे चाक ओढता आले. आपल्या मातीच्या रस्त्यांवर साखळीचे काय हाल होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या दांड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता हे सारे पुस्तकी ज्ञान मला प्रत्यक्ष कसे दिसले, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी मूलला निघालो होतो. चिचपल्लीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी, मोहाच्या झाडाखाली एक परदेशी गृहस्थ अशीच एक जुनी बॉक्सर उभी करून बसले होते. ‘आर ८०’ जातीची, ८०० घन सेंटिमीटरच्या आसपासची, ५० अश्वशक्तीची गाडी. गडचिरोली-धानोऱ्यावरून त्यांना छत्तीसगडात जायचे होते. पण डाव्या बाजूने टकटक असा आवाज येऊ लागला, म्हणून ते थांबले होते. शेजारीच दुचाकी दुरुस्तीचे दुकान होते. तेथील मिस्त्रीने सारी हयात राजदूत आणि बुलेट दुरुस्त करण्यात घालवलेली. ही गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दुभाष्याचे काम माझ्याकडे आले; पण खरे सांगतो, माझी गरज फारशी पडली नाही.

मिस्त्री गाडीभोवती एकदा फिरला. मग डाव्या सिलिंडरपुढे उकिडवा बसून म्हणाला, “यात लपलं काहीच नाही जी. सारं बाहेरच आहे.”

इंजिन निवेपर्यंत चहा झाला. मग त्याने तीन नट काढले आणि सिलिंडरच्या टोकाचे झाकण हातात आले. टाकी उतरवावी लागली नाही, सीट काढावी लागली नाही. झडपा उघडणारे दोन्ही दांडे डोळ्यांसमोर होते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवत त्याने दट्ट्या नेमक्या जागी आणला. टॅपेटचा एक नट ढिला झाला होता. पाहुण्यांनी मोजपट्टी दिली आणि बोटांनी आकडे दाखवले : आत घेणाऱ्या झडपेला ०.१० मिलिमीटर, बाहेर सोडणाऱ्या झडपेला ०.२०. मिस्त्रीने टॅपेट बसवले, नट आवळला, झाकण लावले. गाडी सुरू झाली आणि आवाज गेला. मूठ पिळताच उभी गाडी किंचित उजवीकडे कलली, तसा मिस्त्री दचकला. तो दोष नव्हे. लांबीत बसवलेला दांडा एकीकडे फिरू लागला की गाडीचे अंग दुसरीकडे झुकते. पाहुणे हसले, मिस्त्रीही हसला. त्याने मजुरीचे दोनशे रुपये घेतले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या दिवसापासून या गाडीचे आकर्षण कशात आहे, हे मला कळले असे वाटते. तिच्यात दोष भरपूर आहेत. ती जड आहे, महाग आहे. दोन्ही बाजूंना आलेले सिलिंडर अरुंद पायवाटेवर दगडाला, ठुंठाला आपटण्याची भीती असते. एकदम वेग घेतला की मागचा भाग वर उचलल्यासारखा होतो. आणि वाऱ्यावर निवणारे इंजिन चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४६ अंशांवर गेला असता, गांधी चौकाच्या गर्दीत उभे करणे म्हणजे त्याचा छळच. तरीही माणसे तिच्यावर जीव टाकतात. कारण ती मालकाला अडाणी समजत नाही. आपले आतडे-काळीज ती दोन्ही हातांवर घेऊन उभी असते, आणि पाना धरू शकणाऱ्या माणसाला म्हणते, पाहा.

आता कोणी म्हणेल, गुरुजी जुन्या काळासाठी हळहळतात. तसे नाही. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्या शेजारी राहणाऱ्या आपण चंद्रपूरकरांनी तरी स्वच्छ इंजिनाला नावे ठेवू नयेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांमुळे नव्या गाड्यांचा धूर पुष्कळ कमी झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. बॉक्सर इंजिनही काळाबरोबर बदलले. १९९३ साली त्याला तेलाच्या थंडाव्याची जोड मिळाली, २०१३ मध्ये पाणी आले. बदलाला माझा विरोध नाही.

माझी चिंता निराळी आहे. त्याच मिस्त्रीकडे गेल्या पावसाळ्यात एका आरोग्यसेविकेची नवी गाडी आली. दर्शनी पट्टीवर दिवा लागला होता आणि गाडी उठत नव्हती. मिस्त्री मला म्हणाला, “गुरुजी, दिवा लागते, पण काय झालं ते मले सांगत नाही. ते फक्त कंपनीच्या माणसाले सांगते.” गाडी टेम्पोत घालून शहरात न्यावी लागली आणि त्या बाईंचे चार दिवस गेले. शहरात चार दिवस म्हणजे गैरसोय. परंतु गडचिरोलीहून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या भामरागडकडे, जेथे पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो, तेथे चार दिवसांचा अर्थ काय होतो, हे आपणांस सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, जुने इंजिन परत आणू नका. त्याचा उघडा स्वभाव मात्र नव्या यंत्रांकडे मागा. दिव्याची भाषा मिस्त्रीलाही कळली पाहिजे, आणि सुटे भाग त्यालाही मिळाले पाहिजेत. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ साली एक संकेतस्थळ सुरू केले. पण हक्क कागदावरून रस्त्यावर यायचा तर तो मागणारे गिऱ्हाईक हवे. उद्या आपल्यापैकी कोणी गाडी घेण्यास गेला, तर मायलेज विचारण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा : “ही धानोऱ्याच्या रस्त्यावर बंद पडली, तर तिथला मिस्त्री ती उघडू शकेल का?”

दुकानदाराला बहुधा उत्तर देता येणार नाही. पण हजार माणसांनी तोच प्रश्न विचारला, तर तो कारखान्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाही.