बद्धकोष्ठ : औषध आणि संकोच

श्रोतेहो, आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. ताटावर बसल्यावर तर नाहीच नाही. तेव्हा आपली जेवणे आटोपली आहेत असे धरून बोलतो. विषय आहे बद्धकोष्ठाचा, म्हणजे पोट साफ न होण्याचा, आणि त्यावर डॉक्टर लिहून देतात त्या औषधांचा.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवतो. मग माझा या विषयाशी संबंध काय? तो दोन वाटांनी आला. एक वाट मामांची आणि दुसरी माझ्या स्वतःच्या पोटाची.

मामा शेतकरी होते. रोज रात्री निजण्यापूर्वी चिमूटभर चूर्ण कोमट पाण्याबरोबर घ्यायचे. वीस वर्षे हा नेम चालला, आणि घरात कोणाला त्यात वावगे वाटले नाही. साठीच्या सुमारास चिमटीने भागेना, चमचा लागू लागला. अधूनमधून रक्तही पडू लागले. ‘मूळव्याध असेल’ असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि गप्प राहिले. अंगावरचे कपडे सैल झाले तेव्हा आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी नेले. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. शेवटी शेवटी मी उशाशी बसलो असताना ते म्हणाले, “सांगायची लाज वाटली रे. घरात लेकीसुना, कसं सांगायचं?” चूर्णामुळे त्यांना कर्करोग झाला असे मी म्हणत नाही. चूर्णाने एवढेच केले, की दुखणे झाकून ठेवले.

एवढे डोळ्यांनी पाहिलेला मी शहाणा व्हायला हवा होतो. पण चाळिशी उलटल्यावर माझेच पोट बिघडले, तेव्हा मीही आठ महिने तोंड उघडले नाही. शेवटी बायकोने हट्टाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, “शौचाला कसं होतं?” आणि मराठीचा प्राध्यापक गडबडला! परसाकडे, बहिर्दिशा, शौच, कोठा, अशी या एका गोष्टीभोवती आपल्या भाषेत किती तरी नावे आहेत, आणि बहुतेक सगळी गोष्टीला बगल देणारी. मी ‘मलोत्सर्गास विलंब होतो’ असे काहीतरी पुस्तकी बोललो. डॉक्टर हसले. म्हणाले, “सर, साधं सांगा. आठवड्यातून किती वेळा होतं? खडा होतो की मऊ? कुंथावं लागतं का? पोट दुखतं का, आणि जाऊन आल्यावर थांबतं का?” चारच प्रश्न. ज्यासाठी मी आठ महिने घालवले, ते पाच मिनिटांत झाले.

त्या दिवसापासून मी जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे ही आपली पक्की समजूत आहे, आणि ती खरी नाही. दिवसातून तीनदा जाणारा आणि आठवड्यातून तीनदा जाणारा, दोघेही निरोगी असू शकतात. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडा होणे, कुंथावे लागणे, काहीतरी राहून गेले असे वाटणे, ही लक्षणे महिनोन् महिने चालू राहिली म्हणजे जुनाट बद्धकोष्ठ समजावे.

असे का होते? आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्यात रोज जवळजवळ दीड लिटर पातळ द्रव उतरतो, आणि त्यातले बहुतेक पाणी आतडे परत शोषून घेते. माल जितका रेंगाळेल तितका तो वाळत जातो. पाटाला पाणी कमी आणि उतारही कमी, मग गाळ बसणारच.

दुसरे दुखणे याचे चुलतभावंड आहे. डॉक्टर त्याला ‘इरिटेबल बाउल सिंड्रोम’ म्हणतात. आपण ‘चिडके आतडे’ म्हणू. यात आतडे तपासले तर दिसायला धड असते, पण ते विनाकारण आखडते, दुखते, फुगते. तीन महिने, आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखत असेल, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असेल, तर डॉक्टर या दुखण्याचा विचार करतात. कोणाला यात बद्धकोष्ठ होते, कोणाला जुलाब होतात, कोणाला आलटून पालटून दोन्ही. हे दुखणे मनाचे, म्हणून खोटे, असे कोणी म्हणू नये. मेंदू आणि आतडे यांच्यात सारखी निरोपांची ये-जा चालू असते. पेपरच्या दिवशी सकाळी तीनदा पळणारे विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्या शिक्षकांना हे निराळे सांगायला नको. या दुखण्याचे कर्करोगात रूपांतर होत नाही. मामांच्या आठवणीने मी मनातून भ्यालो होतो, म्हणून हे वाक्य मी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतले.

आता औषधांकडे वळू. यांची एक चढती पायरी आहे, आणि पायऱ्या गाळून उडी मारायची नसते.

पहिली पायरी इसबगोलाची. हे पीक गुजरात-राजस्थानात निघते. त्याच्या बियांवरचा भुसा पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ ठेवतो. पण तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. कोरडा किंवा घोटभर पाण्याने घेतला तर घशात किंवा आतड्यात अडकून बसतो. आणखी एक गोष्ट. चिडक्या आतड्याला इसबगोल बहुधा मानवतो, पण गव्हाचा कोंडा पुष्कळांचे पोट जास्तच फुगवतो. मी नेमका कोंड्याच्या भाकऱ्या खात होतो!

दुसऱ्या पायरीवर आतड्यात पाणी धरून ठेवणारी औषधे येतात. लॅक्ट्युलोजचे गोड औषध आणि पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पाण्यात कालवायची भुकटी ही त्यांतली दोन. लॅक्ट्युलोजचा गुण यायला एक-दोन दिवस लागतात, आणि त्याने पोटात वाराही धरतो. पहिल्याच सकाळी गुण आला नाही म्हणून बाटली फेकून देऊ नये.

तिसऱ्या पायरीवर आतड्याला ढोसणारी औषधे आहेत. सोनामुखी आणि बिसाकोडिल ही त्यांतली. रात्री घेतली की सकाळी काम होते. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखीच असते. ती वाईट आहे असे नाही. डॉक्टरही गरजेपुरती देतात. पण आपल्या चूर्णात काय आहे, किती आहे आणि आपण ते किती वर्षे घेतो आहोत, हे डॉक्टरांना कळले पाहिजे. चमचा वाढत चालला, तर तो इशारा समजावा.

एवढ्याने भागले नाही, म्हणजे नव्या औषधांची पायरी येते, आणि ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचीच नाहीत. ल्युबिप्रोस्टोन हे अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाले. ते आतड्याच्या अस्तरातून द्रव पाझरायला लावते. त्याने मळमळते, म्हणून ते जेवणाबरोबर देतात. प्रुकॅलोप्राइडला युरोपात २००९ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. ते आतड्याची हालचाल वाढवते. सुरुवातीला डोके दुखू शकते, आणि मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. तिसरे लिनॅक्लोटाइड, २०१२ सालचे. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. ई. कोलाय जातीच्या काही जंतूंच्या विषाने जुलाब होतात. ते विष आतड्याच्या ज्या कुलपाला किल्लीसारखे लागते, त्याच कुलपाला बसेल असे हे औषध शास्त्रज्ञांनी घडवले. ते उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. जुलाब हाच त्याचा मुख्य उपद्रव, आणि तान्ह्या मुलांना ते मुळीच द्यायचे नाही.

चिडक्या आतड्याच्या कळांवर मेबेव्हेरिनसारखी पीळ सैल करणारी गोळी देतात. कधी अमिट्रिप्टिलिन हे मूळचे उदासीनतेवरचे औषध अगदी थोड्या मात्रेत देतात. ते वेडाचे औषध म्हणून कोणी दचकू नये. आतड्याची वेदना कमी करण्यासाठी ते असते. मात्र त्याने बद्धकोष्ठ वाढू शकते, म्हणून कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

‘चिठ्ठी कशाला? शेजाऱ्याला गुण आला, मलाही येईल,’ असे कोणी म्हणेल. त्यांना दोन गोष्टी सांगतो. टेगासेरॉड नावाची गोळी अमेरिकेत २००२ मध्ये याच दुखण्यावर आली. हृदयाला धोका संभवतो असे दिसल्यावर २००७ मध्ये तिची विक्री थांबवली गेली, आणि आपल्या देशात २०११ मध्ये तिच्यावर बंदी आली. अमेरिकेत २०१९ मध्ये ती पुन्हा निघाली, पण फक्त पासष्टीच्या आतल्या स्त्रियांसाठी, आणि २०२२ मध्ये तीही विक्री थांबली. दुसरी गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांच्या ओळखीची आहे. आम्लारीत गुलाबी होणारे प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलिन पूर्वी रेचक म्हणून सर्रास विकले जाई, चॉकलेटात घालूनसुद्धा! प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाची शंका आल्यावर अमेरिकेत १९९९ मध्ये ते रेचकांतून काढून टाकण्यात आले. सांगायचे एवढेच, की पोटाचे औषध पोटापुरतेच राहते असे नाही.

उलट, दुसऱ्या दुखण्याचे औषध पोट बांधते असेही होते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, रक्तदाबावरचे व्हेरापामिल, ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या, या सगळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकते. मधुमेह आणि थायरॉइडच्या ग्रंथीची मंदी यांनीही होते. म्हणून दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. आम्लपित्ताच्या त्या गोळ्या मी रोज चार चघळत होतो. त्या बंद झाल्या, कोंडा गेला, इसबगोल आणि भुकटी सुरू झाली, कळांसाठी थोडे दिवस गोळी घेतली. मला नव्या, महाग औषधांपर्यंत जावेच लागले नाही. ज्यांना लागते त्यांनी ती जरूर घ्यावीत; त्यात कमीपणा नाही.

आता मात्र कान देऊन ऐका. मळात रक्त, कारण नसताना वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, पन्नाशीच्या आसपास अचानक सवय बदलणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांतले एकही असेल तर चूर्ण नको, शेजाऱ्याची गोळी नको. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. आणि पोट फुगून उलट्या होत असतील, वाराही सरत नसेल, तर त्याच तासाला. अशा वेळी रेचक देणे जिवावर बेतते.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. वेग दाबून ठेवण्याची सवय हे बद्धकोष्ठाचे एक मोठे कारण आहे. आपल्याकडे बायकांनी पिढ्यान् पिढ्या अंधार पडायची वाट पाहत वेग दाबला. आज गावोगाव शौचालये झाली आहेत, पण शाळेतल्या शौचालयाला कुलूप असेल, किंवा आत पाणी नसेल, तर मुलगी घरी जाईपर्यंत कळ काढते. पुढे खडा होतो, दुखते, आणि दुखते म्हणून ती आणखी दाबते. वर्गात एखाद्या मुलाने बोट वर केले, तर ‘आत्ताच मधली सुट्टी झाली ना?’ असे विचारू नका. जाऊ द्या.

आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना सांगणे एवढेच, की दोन आठवडे एका वहीत साध्या शब्दांत लिहा: कधी झाले, कसे झाले, दुखले का, रक्त दिसले का. बोलायला संकोच वाटला तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. मामांना लिहिता येत होते, हो. रोजचा दूधाचा हिशोब ते स्वतः ठेवायचे. अशी एखादी वही कोणी त्यांच्या हाती दिली नाही, याची रुखरुख मला अजून आहे.