शेवटच्या धांवणाऱ्याचा मान



थंडी पडूं लागली कीं आपल्या शहरांत पहाटेच्या रस्त्यांवर धांवणाऱ्यांची वर्दळ वाढूं लागते. पुण्याची मॅरॅथॉन १९८३ सालीं सुरू झाली, ती डिसेंबरांत होते. मुंबईची २००४ सालीं सुरू झाली, ती जानेवारींत होते. याखेरीज गांवोगांवीं लहानमोठ्या शर्यती असतातच. त्या दिवशीं रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले लोक पहिल्या येणाऱ्याची वाट पाहतात, आणि वृत्तपत्रांत छायाचित्र येतें तेंही त्याचेंच. जो सर्वांच्या मागून येतो, त्याच्या वाट्याला बहुधा उतरविला जाणारा मांडव येतो. आज मला बोलावयाचें आहे तें या मागून येणाऱ्याविषयीं, आणि ज्या संस्थेनें त्याला एक निश्चित जागा करून दिली तिच्याविषयीं. ती संस्था म्हणजे हिवाळ्यांत धांवणाऱ्यांचा स्थानिक क्लब.

धांवणें हा तर एकट्यानें करावयाचा व्यायाम. त्याला मैदान नको, जोडीदार नको, साहित्य नको. मग त्यासाठीं क्लब कशाला, असें कोणीही विचारील. या प्रश्नाचें उत्तर ज्या देशांत असे क्लब प्रथम निघाले त्या इंग्लंडांत शोधणें बरें.

लंडनला टेम्स नदीवर वल्हीं मारणाऱ्यांचा एक क्लब होता. हिवाळ्यांत नौकानयनाचा हंगाम नसे, आणि उन्हाळ्यांत कमावलेलें शरीर शिथिल होई. म्हणून त्या मंडळींनीं ७ डिसेंबर १८६७ रोजीं विंबल्डनच्या माळरानावर एक पायीं शर्यत ठेविली. ती इतकी आवडली कीं पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८६८ सालीं, वॉल्टर राय या गृहस्थाच्या पुढाकारानें ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा स्वतंत्र क्लब निघाला. रानोमाळ धांवणाऱ्यांचा जगांतील सर्वांत जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो, आणि तो आजही चालू आहे. ज्यांचा खरा खेळ दुसराच होता अशा लोकांनीं थंडीचे रिकामे महिने भरून काढण्यासाठीं ही योजना केली, आणि त्यांतून एक नवा खेळ उभा राहिला.

क्लबाच्या नांवाचा अर्थ ‘ससा आणि शिकारी कुत्रे’. श्रूझबरीच्या प्रसिद्ध शाळेंतील मुलें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच हा खेळ खेळत असत. दोघेजण ‘ससे’ होत. त्यांच्या खांद्याला कागदाच्या कपट्यांनीं भरलेल्या पिशव्या असत. ते कांहीं मिनिटें आधीं निघत आणि वाटेंत कपटे टाकीत जात. मागून बाकीची सारी टोळी त्या मागावरून त्यांचा पाठलाग करी. कुंपणें, ओढे, नांगरलेलीं शेतें, चिखल, जें वाटेंत येईल तें ओलांडावयाचें. मात्र टोळीनें फुटावयाचें नाहीं, असा दंडक असे. एका ठराविक ठिकाणीं पोंचल्यावर, म्हणजे घर मैल दीड मैलावर आलें कीं, टोळी मोकळी सोडीत. आणि तेथून पुढें ज्याच्या पायांत जितकें बळ असेल तितक्या वेगानें त्यानें धांवावें. म्हणजे एकाच दिवसांत सोबतही झाली आणि शर्यतही झाली. बहुतेक अंतर सोबतीचें, आणि शेवटचा थोडा भाग तेवढा चुरशीचा. पुढें कागदाचे कपटे गेले, आखलेल्या वाटा आल्या. परंतु ही वांटणी क्लबांनीं सोडली नाहीं.

आठवड्याच्या या सामुदायिक धांवेची रचना पाहण्यासारखी आहे. धांवणाऱ्यांच्या गतीप्रमाणें दोन किंवा तीन टोळ्या करीत. एक सावकाश जाणारी, एक मध्यम, एक वेगवान. प्रत्येक टोळीच्या पुढें एक म्होरक्या असे, त्याला ‘पेस’ म्हणत. टोळीची गति त्यानें ठरवावयाची, आणि त्याला मागें टाकून कोणीं पुढें जावयाचें नाहीं. टोळीच्या शेवटीं दुसरा एक जाणता गडी असे, त्याचें नांव ‘व्हिप’. आपल्या विधिमंडळांत पक्षाच्या सभासदांना एकत्र ठेवणाऱ्याला आपण प्रतोद म्हणतों, त्याचें इंग्रजी नांव तेंच आहे. आणि दोघांनींही तें शिकारीच्या रानांतूनच उचललें आहे. या प्रतोदाचें काम एवढेंच कीं आपल्यामागें कोणी राहूं द्यावयाचा नाहीं. एखाद्याला धाप लागली, कोणाचा पाय मुरगळला, तर त्याच्याजवळ थांबावयाचें आणि त्याला घरीं पोंचवावयाचें. इंग्लंडांत डिसेंबरांत दुपारीं चारच्या सुमारास अंधार पडतो. ओल्या कपड्यांनिशीं रानांत एकटा राहिलेला माणूस गारठून जिवानिशीं जाऊं शकतो. तेव्हां प्रतोद ही केवळ शिष्टाचाराची योजना नव्हे. शिवाय तें काम नवख्याला जमत नाहीं. जो स्वतः वेगानें धांवूं शकतो आणि तरीही त्या दिवशीं सर्वांत मागें राहण्यास राजी होतो, त्यालाच तें साधतें.

आतां शर्यतीकडे वळूं. इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत १८७६ सालीं लंडनजवळच्या एपिंगच्या अरण्यांत झाली. तींत उतरलेले ३२ धांवपटू सगळेच्या सगळे वाट चुकले, आणि शर्यत रद्द ठरवावी लागली! पुढच्या वर्षीं ती नीट पार पडली, आणि टेम्स क्लबाच्या पर्सी स्टेनिंगनें ती जिंकली. १८७७ पासून १८८० पर्यंत लागोपाठ चार वर्षें तोच पहिला आला. स्त्रियांची राष्ट्रीय शर्यत मात्र १९२७ पर्यंत निघाली नव्हती.

या शर्यतींत वैयक्तिक यशापेक्षां संघाच्या यशाला अधिक मोल आहे, आणि त्याची मोजणी मोठी मार्मिक आहे. राष्ट्रीय शर्यतींत पुरुषांच्या संघाचे पहिले सहा गडी मोजतात. ज्याचा जो क्रमांक आला तेवढे त्याचे गुण; सहांची बेरीज करावयाची; जिची बेरीज लहान तो संघ विजयी. समजा, एका संघाचे गडी १, २, ३, १०, २० आणि ९० या क्रमांकांनीं आले. बेरीज झाली १२६. दुसऱ्या संघाचे आले ८, १२, १५, १८, २२ आणि २५. बेरीज झाली १००. पहिलीं तिन्ही स्थानें पटकावूनही पहिला संघ हरला, कारण त्याचा सहावा गडी मागें पडला. म्हणून अशा क्लबांत सर्वांचें लक्ष पहिल्याइतकेंच सहाव्यावर असतें. त्यानें अखेरच्या चढणीवर दोघांना मागें टाकलें, तर ते दोन गुण पहिल्या आलेल्याच्या पदकाइतकेच उपयोगी पडतात. आणि हा सहावा गडी कोठून येतो? तो त्या आठवड्याच्या टोळींतून येतो. ज्याला कोणीं कधीं एकटें मागें टाकलें नाहीं अशांतूनच तो तयार होतो.

क्लबाच्या घरगुती शर्यतींत आणखी एक पद्धत असते. जो मंद त्याला आधीं सोडावयाचें, आणि जो चपळ त्याला शेवटीं. एकाला आठ किलोमीटर धांवण्यास ४० मिनिटें लागतात आणि दुसऱ्याला ६०, तर दुसऱ्यानें २० मिनिटें आधीं निघावें. दोघे पूर्वीच्याच गतीनें धांवले तर एकाच क्षणीं पोंचतील. म्हणजे जिंकेल तो, जो आपल्या पूर्वीच्या गतीपेक्षां अधिक सुधारला. साठ वर्षांच्या आजोबांनीं पंचवीस वर्षांच्या जवानाला सरळ हरवावें, हें या पद्धतींतच शक्य होतें. आणि तें न्यायाचेंही आहे, कारण प्रत्येकाची स्पर्धा त्याच्या कालच्या स्वतःशींच असते.

हा खेळ हिवाळ्याचाच कां, याचें उत्तर १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनें फार कठोर रीतीनें दिलें. तेथें ही रानांतील शर्यत जुलै महिन्यांत, भर उन्हांत ठेविली होती. ३८ जण निघाले आणि केवळ १५ जण पोंचले; कित्येक वाटेंतच कोसळले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला खरा, पण त्यानंतर ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यांत आली. कारण उघड आहे. स्नायूंनीं खर्चिलेल्या शक्तीपैकीं जेमतेम चौथा भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामीं येतो. उरलेल्या साऱ्याची उष्णता होते. ती घामावाटे बाहेर टाकण्यासाठीं शरीर रक्ताचा मोठा प्रवाह त्वचेकडे वळवितें, आणि हृदयावर दुहेरी भार पडतो. भोंवतालची हवा थंड असली कीं हा भार हलका होतो. आपल्याकडे मुंबईची मॅरॅथॉन जानेवारींत आणि तीही पहाटेच्या अंधारांत सुरू करतात, ती याच हेतूनें.

आपल्या प्रांताचा या परंपरेशीं संबंध शोधावयास दूर जावें लागत नाहीं. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालची. १९१९ च्या सुमारास तिच्या मैदानी स्पर्धांच्या वेळीं सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. अनवाणी धांवणाऱ्या शेतकऱ्यांची लांब पल्ल्याची शर्यत त्यांनीं तेथें पाहिली, आणि हे लोक युरोपांतील धांवपटूंच्या तोडीचे आहेत असें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांतूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठीं हिंदी पथक निघालें, आणि बेळगांवच्या फडेप्पा चौगुले यांनीं मॅरॅथॉनमध्यें १९ वा क्रमांक मिळविला. एका स्थानिक संस्थेची वार्षिक शर्यत किती लांबवर पोंचते पाहा!

दुसरा धागा अधिक जवळचा आहे. एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत आडरानानें धांवत जाण्यावरून ‘स्टीपलचेस’ हें नांव पडलें. रानांतील कुंपणें आणि ओढे यांच्या जागीं आज मैदानावर लांकडी अडथळे आणि पाण्याचा हौद असतो. ३००० मीटरमध्यें २८ वेळां अडथळे आणि सात वेळां पाणी ओलांडावें लागतें. इंग्लंडच्या चिखलांत जन्मलेल्या या शर्यतींत सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्याच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत पोंचल्या आणि दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळे यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. सुवर्ण अवघ्या पांच शतांश सेकंदांनीं हुकलें. साबळे हे सैन्यांत असतांना प्रथम क्रॉस-कंट्री धांवले आणि मग स्टीपलचेसकडे वळले. दोघेही दुष्काळी मुलखाचे. ज्या तालुक्यांत ओढ्याला पाणी क्वचित्, तेथल्यांनीं पाण्याच्या हौदावरून झेप घेऊन नांव काढावें, ही गोष्ट मनांत राहण्यासारखी आहे.

आतां आपल्या घरांकडे येऊं. शहरांतील पुष्कळ सुशिक्षित मंडळी शर्यतीला नांव नोंदवितात आणि मग तयारीचा विचार करतात. कचेरींत दिवसभर बसणारा मनुष्य दोन महिन्यांत एकवीस किलोमीटर गांठूं पाहतो. एकटाच धांवतो, रोजच जोरानें धांवतो, आणि गुडघा किंवा पोटरी धरून घरीं बसतो. याहून वाईट म्हणजे, छातींत दुखूं लागलें तरी पदकाच्या आशेनें तो थांबत नाहीं. अशा वेळीं त्याच्याजवळ कोणी असणें हाच पहिला उपाय होय. सोबत असली म्हणजे गतीलाही आपोआप लगाम बसतो. धांवतांना शेजाऱ्याशीं पूर्ण वाक्य बोलतां आलें पाहिजे, ही आठवड्यांतील बहुतेक धांवांची योग्य गति. वाक्य तुटूं लागलें कीं ती अधिक झाली असें समजावें. अंतर हळूहळू वाढवावें. पूर्वीं हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असेल, अथवा वय झालें असेल, तर आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

थंडीचा एक दोषही आहे. हिवाळ्यांतील पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखालीं कोंडली जाते, आणि मोटारींचा धूर व बांधकामाची धूळ वर जाऊं शकत नाहीं. म्हणून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मोठे रस्ते टाळून बाग, टेकडी किंवा मैदान जवळ करावें, आणि धुरकें दाट असेल त्या दिवशीं न धांवणेंच शहाणपणाचें. थंडींत तहान कमी लागते. तरी घाम जातोच, याचा विसर पडूं नये.

आतां अखेरचें सांगणें. यंदाच्या हिवाळ्यांत आपण, आपली पत्नी, आपले वडील किंवा आपली मुलगी एखाद्या धांवणाऱ्या मंडळींत जाणार असाल, तर त्यांच्या पदकांची आणि विक्रमांची चौकशी मागाहून करा. प्रथम एवढेंच विचारा, कीं तुमच्यांत सर्वांत मागच्याच्या मागें कोण धांवतें? या प्रश्नाला जेथें एखाद्याचें नांव सांगतां येईल, तेथें खुशाल जा. जेथें सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतील, तेथें दुसरी जागा शोधा. अथवा तें काम तुम्हींच अंगावर घ्या. कोणत्याही क्लबाला जवानांची वाण सहसा पडत नाहीं, पण मागें राहण्यास तयार असलेला चांगला गडी फार थोड्यांना लाभतो.