औषधांचे अंश : पाटाच्या पाण्यातून पानापर्यंत

(मुळशी तालुक्यातील रिहे येथे शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या मुळशी तालुक्यातून वाहणारी मुळा पुण्यास मुठेला मिळते आणि मुळा-मुठा पुढे भीमेला. वाटेत शहराचे सांडपाणी त्या प्रवाहात मिसळते आणि तेच पाणी हवेली-दौंडकडील शेतीला जाते. त्यात औषधांचेही अंश असतात; कारण घेतलेले औषध शरीर पूर्णपणे वापरीत नाही, काही भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची उभारणी मुख्यतः मैला काढण्यासाठी झालेली असल्याने काही औषधे त्यांतून तशीच निसटतात.

ती पिकात कशी शिरतात? मुळे पाणी शोषतात व पाने ते वाफेच्या रूपाने सोडतात. पाण्याबरोबर वर चढलेले औषध मात्र पानातच साचते. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन हे याचे ठळक उदाहरण. त्यावर विद्युतभार नसल्याने ते मुळाच्या पेशींतून सहज पार होते. विद्युतभारित डायक्लोफेनॅक बव्हंशी मुळाशीच अडते. म्हणून पालेभाजीत असे अंश सामान्यतः अधिक, तर फळात व दाण्यात कमी आढळतात. चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य काही औषधांना जमिनीतच धरून ठेवतात.

इस्राएलमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर पिकविलेला भाजीपाला खाल्लेल्या निरोगी व्यक्तींच्या मूत्रात कार्बामाझेपिन आढळले. गोड्या पाण्यावरील भाजीपाला दिल्यावर त्याचे प्रमाण घटले. हे प्रमाण रुग्णांच्या मूत्रातील प्रमाणाच्या मानाने अत्यल्प होते. तेव्हा घाबरून भाजी टाकून देण्याचे कारण नाही. तथापि पाण्यातून ताटापर्यंतची वाट मोकळी आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. शिवाय प्रतिजैविके पाण्यात व मातीत मिसळत राहिली, तर त्यांना न जुमानणारे जंतू फोफावतात. मग ऐन आजारात औषध लागू पडत नाही.

यात आपले कर्तव्य कोणते? आपण नदीच्या वरच्या अंगाला राहतो. उरलेल्या वा मुदत संपलेल्या गोळ्या ओढ्यात, विहिरीत किंवा शौचालयात टाकू नयेत. प्रतिजैविके वैद्यकीय सल्ल्याशिवाय माणसांना वा जनावरांना देऊ नयेत. सांडपाण्यावर शेती करणे भाग असेल तेथे कच्ची खाण्याची पालेभाजी टाळून धान्य वा चारा घ्यावा. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मांडावी.

वरच्या गावाने पाणी राखले, तरच खालच्या गावाचे ताट राखले जाईल.