निसरड्या रस्त्याचा पंचनामा
(भाटघर परिसरातील कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर ठाण मांडून बसला आणि भातखाचरांत चिखलणी सुरू झाली, की वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर एक वाक्य हमखास दिसू लागते : दुचाकी घसरून तरुण ठार. पोलिसांच्या कागदात याच वाक्याचे दुसरे रूप असते : चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात घडला. दोन्ही वाक्यांत कर्ता एक तर वाहन आहे, नाही तर वाहनचालक. रस्ता कोठेच नाही. तो कर्ता नाही, कर्म नाही, करण तर नाहीच. वस्तुतः ज्या वळणावर गाडी घसरली, तेथे आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरच्या चाकांनी खाचरातला चिखल डांबरावर आणून टाकलेला असतो, किंवा तुंबलेल्या मोरीचे पाणी दोन दिवस रस्त्यावरून वाहत असते. गावाला ते ठाऊक असते. कागदाला नसते.

मोटारसायकल चालविणाऱ्याचे कौशल्य महत्त्वाचे की रस्त्याची देखभाल, हा वाद शहरात बहुधा हौशी स्वारांपुरता असतो. भाटघरच्या परिसरात तो पोटापाण्याचा आहे. लॉईड धरण १९२० च्या दशकात बांधून पूर्ण झाले आणि वेळवंडी नदीचे पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील उसापर्यंत पोहोचू लागले. आज येसाजी कंक जलाशय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या धरणात साडेतेवीस टीएमसी पाणी मावते आणि त्या पाण्याचा हिशेब दररोज नोंदला जातो. ज्यांच्या खोऱ्यात ते साठले, त्यांच्या वाट्याला मात्र जलाशयाला वळसे घालीत जाणारा रस्ता आला. वेळवंड किंवा भुतोंड्याच्या बाजूच्या माणसाला भोरच्या बाजाराला, दवाखान्याला, तहसील कचेरीला याच रस्त्याने यावे लागते. शिरवळच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला हजर व्हायचे असेल, तर एसटीच्या वेळापत्रकावर विसंबून भागत नाही. दुधाच्या किटल्या, खताची गोणी, आजारी म्हातारी, हे सारे शंभर सीसीच्या गाडीवरूनच जाते. मोटारसायकल ही येथील श्रमिकाची बैलगाडी झाली आहे, आणि तिचे हप्तेही चालू असतात.

कौशल्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पावसात वेग उतरवणे, वळणाच्या आधीच ब्रेक लावून वळणात तो सोडणे, पुढचा ब्रेक एकदम न दाबता हळूहळू आवळणे, टायरची नक्षी झिजली की तो बदलणे, या गोष्टींनी जीव वाचतात. हेल्मेट हँडलला अडकवून फिरणाऱ्यांत पक्षाचे कार्यकर्तेही आहेत, याचा उल्लेख येथे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु कौशल्याला एक सीमा आहे आणि ती पदार्थविज्ञानाने घालून दिलेली आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या चांगल्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबू शकते. ओल्या डांबरावर तेच अंतर १५-१६ मीटर होते. चिखलाचा पातळ थर असेल, तर ३० मीटरच्या पुढे जाते. ही साधी गणिताची उत्तरे आहेत. टायर आणि रस्ता यांनुसार थोडी इकडेतिकडे होतील, पण त्यांचे प्रमाण बदलणार नाही. वळणाचा हिशेब याहून कठोर आहे. ३० मीटर त्रिज्येचे जे वळण कोरड्यात ताशी ५० किलोमीटरने घेता येते, तेच चिखल असताना २७-२८ च्या वर गेल्यास गाडीला बाहेर फेकते. चारचाकी घसरली तर ती रस्त्यावरच फिरते. दुचाकी घसरली की माणूस खाली असतो.

ओल्या रस्त्यावर जपून चालविणारा माणूस ओल्या रस्त्याचा हिशेब करून आलेला असतो. वळणापलीकडे दहा पावले चिखल आहे, हे त्याला दिसत नाही. दिसते तेव्हा ब्रेक लावण्याचीही सोय उरत नाही, कारण ब्रेक लावला की गाडी आडवी होते. चाक अडकू न देणारी एबीएस ही यंत्रणा एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना सक्तीची झाली. खोऱ्यात धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याहून लहान आहेत, त्यांना ती नाही. तेव्हा ज्याच्याकडे सर्वांत स्वस्त गाडी, त्याच्याकडूनच सर्वांत अधिक कौशल्याची अपेक्षा, असा हा न्याय आहे.

पाऊस निसर्गाचा. निसरडेपणा मात्र बहुतेक वेळा माणसाने केलेला असतो. खड्डा बुजवताना टाकलेली आणि नीट न दाबलेली बारीक खडी, केबलसाठी चर खोदून कडेला ढीग करून ठेवलेला मुरूम, न काढलेल्या गटारातून रस्त्यावर आलेली माती, सावलीतल्या सिमेंट रस्त्यावर धरलेले शेवाळ, आणि खाचरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांचा चिखल. यांपैकी शेवटची गोष्ट बोलायला अवघड आहे, कारण तो ट्रॅक्टर आपल्याच शेतकऱ्याचा असतो. तरीही बोलले पाहिजे. खाचराच्या तोंडाशी दगड-मुरुमाचा पाच-सात मीटरचा पट्टा केला आणि रस्त्यावर येण्यापूर्वी चाके खरवडली, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. ग्रामपंचायतीला हे न झेपणारे काम नाही.

उरलेला निम्मा प्रश्न मात्र शासनाचा आहे, आणि तेथे एका विस्मृतीत गेलेल्या माणसाची आठवण करणे भाग आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्याच्या ठराविक लांबीवर मैलकुली असे. घमेले, फावडे, खराटा एवढी त्याची हत्यारे. पावसाळ्यापूर्वी मोऱ्या उपसणे, साइडपट्टीला बाहेरच्या अंगाला उतार देणे, रस्त्यावर आलेली माती खरवडून काढणे, हे त्याचे रोजचे काम. कोणती मोरी पहिल्या पावसात तुंबते आणि कोणत्या वळणावर डोंगराचे पाणी उतरते, हे त्याच्या पायांना ठाऊक असे. अशा रोजंदारी मजुरांना पाच वर्षांच्या सेवेनंतर रूपांतरित आस्थापनेवर घेण्याची तरतूद कालेलकर निवाड्याने मिळवून दिली. कामगार चळवळीच्या जुन्या कार्यकर्त्यांना तो लढा आठवत असेल. पुढे भरती आटली, माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा त्यांच्याबरोबरच संपल्या. काम ठेक्यावर गेले. ठेकेदाराचे बिल निघते ते डांबराच्या थराचे. भर पावसात गटारातला पालापाचोळा काढणारा माणूस त्या बिलात क्वचितच असतो. कौशल्याची चर्चा करायचीच असेल, तर नाहीसे झालेले हे कौशल्य तीत प्रथम आले पाहिजे.

रस्ता कोणाचा, हा प्रश्नही साधा राहिलेला नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्ता पहिली पाच वर्षे देखभालीसाठी ठेकेदाराकडे. एकाच खोऱ्यातला माणूस घरापासून भोरपर्यंत येताना दोन-तीन मालकांच्या हद्दी ओलांडतो. अपघात झाला की प्रत्येक मालक पलीकडच्या दगडाकडे बोट दाखवतो. वरंधा घाटाविषयी मात्र असे होत नाही. गेल्या काही पावसाळ्यांत तो धोकादायक ठरवून वाहतुकीस बंद करण्याचे आदेश निघाले. म्हणजे धोका ओळखण्याची शक्ती शासनाकडे आहे. घाट बंद करता येतो. गावाचा रस्ता बंद करता येत नाही, म्हणून त्याचा धोका ओळखलाच जात नाही.

आकडे या अंधारात फारसा उजेड पाडत नाहीत. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्याच अहवालात ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे दिले आहे. हा अतिवेग कोणी मोजला? घटनास्थळी वेगमापक नसतो. अर्जात रकाना असतो आणि तो भरायचा असतो. वळणावर ताशी ३५ ने जाणारा माणूस चिखलात पडला, तर त्या चिखलाच्या मानाने त्याचा वेग अधिक होता, हे खरेच आहे. त्या अर्थाने घसरलेला प्रत्येक माणूस अतिवेगाचा अपराधी ठरतो.

हा रकाना केवळ आकडेवारीत जाऊन थांबत नाही. एकट्याने पडून मेलेल्या चालकावरच, स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदविण्याची प्रथा आहे. मेलेला माणूस बाजू मांडू शकत नाही. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय कायम ठेवला, की स्वतःच्याच बेदरकार चालविण्याने मेलेल्याच्या वारसांना भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. ते प्रकरण मोटारगाडीचे आणि वेगाचेच होते. त्याविषयी तक्रार नाही. परंतु पंचनाम्यात ताबा सुटला एवढेच लिहिलेल्या दुचाकीस्वाराच्या विधवेसमोर उद्या तेच कागद ठेवले जातील. मालक-चालकाला पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात विमाछत्र असते, तेही पॉलिसी चालू आणि परवाना वैध असेल तर. शेजाऱ्याची गाडी मागून नेलेल्या मजुराला त्याचा आधार नाही.

दुसऱ्या बाजूला कायदा अगदीच मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जिवाची किंमत लाखभर, ही थट्टाच आहे. पण त्याच कलमात एक उपयोगी गोष्ट आहे. रस्त्याच्या त्या अवस्थेची माहिती यंत्रणेला होती का, किंवा असायला हवी होती का, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर इशारा लावला होता का, हे न्यायालयाने पाहावयाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मेलेल्यांच्या वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. चिखलाला, सुट्या खडीला खड्डा म्हणावे की नाही, हा वाद उद्या कोणीतरी उभा करणारच. त्या वादात उपयोगी पडेल असा पुरावा मात्र फार अल्पायुषी असतो. खड्डा आठवडाभर तरी टिकतो. चिखल पुढच्या सरीत धुऊन जातो, खडी चाकांनी विखुरते.

म्हणून अपघाताची वार्ता कळताच जखमीबरोबर एक कार्यकर्ता दवाखान्यात आणि दुसरा त्या वळणावर गेला पाहिजे. किलोमीटरचा दगड दिसेल अशी छायाचित्रे, चिखलाच्या पट्ट्याची लांबी-रुंदी, तुंबलेली मोरी, इशाराफलक होता की नव्हता, आणि पंचांनी सही करण्यापूर्वी रस्त्याच्या अवस्थेचे वाक्य पंचनाम्यात लिहिले गेले की नाही, हे पाहणे हे त्याचे काम. पंच म्हणून सही करणारे बहुधा गावचेच असतात. न वाचता सही करू नये, एवढे तरी त्यांना सांगता येईल.

त्याआधीचे काम १ मेच्या ग्रामसभेचे आहे. कोणत्या मोऱ्या तुंबतात, कोणत्या वळणांवर माती येते, याची यादी ठरावात नोंदवावी. रस्ता ज्याचा असेल त्या उपविभागाला ती पाठवून पोच घ्यावी आणि ती पोच ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. यंत्रणेला माहिती होती का, या प्रश्नाचे उत्तर त्या शिक्क्यात असते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीच यादी पुन्हा वाचावी आणि कोणत्या मोऱ्या उपसल्या ते विचारावे. तोपर्यंत लावणी संपलेली असते, आणि त्या पावसाळ्यात कोण कोण कोठे पडले हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.