पाहुण्यांना गरवायला नेताना

मागच्या वेळी मी घरगुती निवासाच्या न्याहारीविषयी बोलले होते. घावणे, आंबोळी, आणि चहा किती गोड करायचा. त्यानंतर दोन-तीन गटांनी विचारलं, "ताई, खाण्याचं झालं, पण पाहुणे दिवसभर करतात काय? समुद्र बघून झाला की दुसऱ्या दिवशी कंटाळतात आणि एक रात्र आधीच निघून जातात." आमच्याकडेही हेच व्हायचं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, ते तुम्ही ऐकलं असेल. आमच्या गटाकडे होडी नाही, आणि कर्ज काढून होडी घ्यायची हिंमतही नव्हती. म्हणून आम्ही जे सुरू केलं ते बिनहोडीचं. किनाऱ्यावर उभं राहून गरी टाकायची, आमच्याकडे म्हणतात तसं गरवायचं. आज त्याविषयी.

सुरुवात ठरवून झाली नाही. पुण्याहून एक कुटुंब आलं होतं. त्यातले गृहस्थ नवी कोरी चकचकीत काठी घेऊन आले होते, रीळवाली, चांगली महागडी. दोन दिवस सकाळ-दुपार वाळूवर उभे. एक मासा नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गटातल्या एक काकी, वय साठीच्या पुढे, नेहमीसारख्या रात्रीच्या आमटीपुरतं काहीतरी मिळतंय का बघायला आल्या. हातात पाण्याची रिकामी बाटली, तिला गुंडाळलेलं तंगूस, पदरात चार सुंगटं. त्या माणसापासून वीस पावलांवर उभ्या राहिल्या आणि तासाभरात सात मुडदुशा काढल्या. तो काठी वाळूत रोवून त्यांच्याकडे बघतच राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "आजी, मला शिकवाल?"

काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी काय मास्तरीण आसंय?"

खरं सांगायचं तर अडचण तिथेच होती. आमच्याकडे होडीवर जातो तो मच्छीमार, रापणीला असतो तो मच्छीमार. बाई बाजारात मासे विकते, सुकवते. पण ती खडपावर कालवं काढते, ओहोटीला तिसऱ्या वेचते, गरी टाकते, त्याला कोणी धंदा म्हणत नाही. "जरा दर्यावर जाऊन येते" एवढंच. काकींच्या मुलालाही ते आवडलं नव्हतं. लोकांसमोर आईने पाण्यात उभं राहून परक्या माणसांना गरवायला शिकवायचं म्हणजे घरात खायला नाही असं गाव म्हणेल, असं त्याला वाटायचं. त्याची समजूत घालायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. चौथ्या फेरीला मी गेले नाही, काकींनीच त्याला काय सांगायचं ते सांगितलं.

आता सामान. पाहुण्यांना महागडी काठी लागते हा समज आधी काढून टाका. पाऊण-एक लिटरची जाड प्लास्टिकची बाटली, तिला चाळीस-पन्नास मीटर तंगूस. टोकाला शिशाचं वजन, लाट जोराची असेल तर थोडं जड. वजनाच्या वर वीतभर अंतराने दोन छोट्या गऱ्या, आखूड दोऱ्यावर. छोट्याच, कारण मुडदुशीचं तोंड लहान असतं. मोठी गरी लावली की ती आमिष कुरतडून पळते. त्या पुण्याच्या पाहुण्याची चूक हीच होती, त्याने जणू घोळ पकडायची गरी लावली होती. आमिषाला सुंगटं, म्हणजे कोळंबी. ताजी हवी, सोलून बोटाच्या पेराएवढा तुकडा. मऊ पडलेली कोळंबी टाकतानाच गळून पडते.

एक गोष्ट आम्ही नंतर शिकलो. गरीला जो उलटा काटा असतो तो पाहुण्यांसाठीच्या गऱ्यांवर पकडीने दाबून सपाट करायचा. एखादा मासा निसटतो, निसटू दे. पण कोणाच्या बोटात गरी घुसली तर सरळ बाहेर येते. उलट्या काट्याची गरी रुतली तर ओढायची नाही, दोरा कापून तशीच आरोग्य केंद्रात न्यायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं.

वेळेचं गणित मात्र नीट ऐका, कारण सगळं त्यावर आहे. आपल्या आज्या करायच्या तेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. दशमीला साडेसात. तिथून सहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, प्रत्येक खाडीच्या तोंडाची आपली सवय असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, पाण्याला जोर कमी.

मासा लागतो तो चढत्या पाण्यात, भरतीच्या आधीच्या दोन तासांत, आणि त्यातही पहाटे किंवा तिन्हीसांजेला. आता दोन्ही जुळवा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पाहुण्यांना भर उन्हात उभं करायचं. दशमीला भरती साडेसातला, म्हणजे सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळीही तसंच. शिवाय भांगाचं पाणी असल्यामुळे नवख्या माणसाला सोपं. आम्ही आता बुकिंग घेतानाच पंचांग उघडतो. नवमी, दशमी, एकादशी हे आमचे गरवण्याचे दिवस. एकादशीला काकींच्या घरी मासळी शिजत नाही, मग त्या दिवशीची मासळी दुसऱ्या चुलीवर जाते, एवढंच.

जागा कशी ओळखायची? वाळूवर थोडं उंच उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघायचं. जिथे लाट पांढरी फुटते तिथे वाळू वर आहे, पाणी उथळ. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये जिथे पाणी गडद आणि गुळगुळीत दिसतं, लाट फुटत नाही, तिथे खोल चर आहे. मासा त्या चरातून फिरतो. गरी त्याच्या कडेला टाकायची. आता सगळ्यात महत्त्वाचं. तीच जागा पोहणाऱ्याला सगळ्यात वाईट. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जातं ते त्याच चरातून, आणि माणसाला आत ओढून नेतं. पाहुण्याला वाटतं, इथे लाट नाही, पाणी शांत आहे, इथे उतरावं. म्हणून आमचा नियम, पाणी गुडघ्याच्या वर नाही. ओढीत कोणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचं, ओढ सुटते, मग बाहेर यायचं. आणि वाचवायला दुसऱ्याने उडी मारायची नाही. आम्ही पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन लांब दोरीला बांधून ठेवतो. तो फेकायचा.

मासा लागला की पाहुणे आनंदाने थेट हात घालतात. थांबवा. शेंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, विषारी. पाकटाच्या शेपटीला काटा असतो. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हातपाय अर्धा-एक तास ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि नंतर डॉक्टरला दाखवायचंच. केंड लागला, तो फुगून चेंडूसारखा होतो, मुलांना फार गंमत वाटते. काकी लगेच ओरडतात, "त्येका सोडा, तो केंड!" त्याचं विष शिजवूनही जात नाही. गरीसकट तंगूस कापून समुद्रात टाकू नका, गरी काढूनच सोडा. बोटभर लांबीची पिल्लं तर सगळीच परत.

आता जे घडलं ते सांगते. न सांगता पुढे जाणं बरोबर नाही.

काम सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते. रापणीच्या लोकांची कुरकूर चालली होती. "पर्यटकांच्या गऱ्या आमच्या जाळ्यात अडकतात, पायात घुसतात." एकजण माझ्या तोंडावर म्हणाला, "तुमचो खेळ होता, आमचा पोट जाता." मला राग आला होता. चार बाटल्यांनी यांचं काय जातंय, असं वाटलं, आणि मी उलट बोलले.

डिसेंबरात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे उतरलेला एक तरुण मुलगा पाच वाजता एकटाच खडपावर गेला. आदल्या दिवशी काकींबरोबर गरवून आला होता, आता जमतं असं त्याला वाटलं. चतुर्दशीचं गणित तुम्हीच करा. भरती साडेदहाला, म्हणजे चारच्या पुढे पूर्ण ओहोटी. तो गेला तेव्हा खडप कोरडं, चालत जाता येत होतं. उधाणाचं पाणी. ओहोटीनंतर पहिल्या तासात थोडंसंच चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात धावत येतं. त्याचं तोंड समुद्राकडे. पाठीमागची वाट पाण्याखाली गेली हे त्याला अंधार पडल्यावर कळलं.

मी तेव्हा बँकेच्या कागदांसाठी तालुक्याला होते. घरात जी वहिनी होती तिला वाटलं, तो दुकानावर गेलाय. कोणी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मोबाईलचा उजेड हलताना दिसला तो रापणीच्या माणसांना. त्यांच्यातले चौघे दोरी घेऊन गेले, एक कमरेला बांधून पोहत गेला, आणि मुलाला आणलं. गुडघे, तळवे कालवांनी फाटले होते. बाकी वाचला. ज्याने मला तोंडावर बोल लावला होता, तोच पोहत गेला होता.

त्या रात्री गटाची बैठक झाली. दोघीजणी म्हणाल्या, बंद करू. काकी काही बोलल्या नाहीत. मी तुमच्यासमोर कबूल करते, मलाही बंदच करावंसं वाटत होतं. सहयोगिनी म्हणून माझं नाव पुढे येणार होतं. शेवटी ज्या वहिनीच्या घरी तो मुलगा उतरला होता तीच म्हणाली, "बंद केलं तरी ते जाणारच. फक्त आपल्याला न विचारता जातील."

दुसऱ्या दिवशी आम्ही रापणीच्या लोकांकडे गेलो, मी माफी मागितली. तिथे बसून ठरलं ते असं. रापण ओढायची असेल त्या दिवशी त्या पट्ट्यात गरी नाही. सकाळी त्यांचा एकजण निरोप देतो. बाटल्या आणि गऱ्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, तुटलेलं तंगूस पिशवीत. थंडीत कासवं अंडी घालायला याच वाळूवर चढतात, त्यांच्याही मानेला ते अडकतं. खडपावर पाहुणे नाहीत, कधीच नाहीत. आणि आमच्या बाईशिवाय संध्याकाळी कोणी जायचं नाही, हे खोली देतानाच तोंडी सांगायचं. भिंतीवर लावलेला कागद कोणी वाचत नाही. पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत, आम्ही गरवायला नेतच नाही. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती वेगळी, वाळूवरच्या गरीचा तिच्याशी संबंध नाही, पण तेव्हाचा समुद्र पाहुण्यांचा नाही. मालवणच्या बाजूच्या गटांनी आणखी एक पाहावं. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीचं वनखात्याच्या लोकांना आधी विचारून घ्या.

पैशांचं थोडक्यात. माणशी २०० रुपये घेतो, दोन तासांचे. त्यातले १५० शिकवणारीला, ५० गटाला, सामानासाठी. आधी सगळे गटात जमा करून समान वाटायचे असं ठरलं होतं. ते मला चुकीचं वाटलं आणि मी तसं बोलले. पहाटे पाचला पाण्यात उभी राहते तिचा वाटा जास्त हवा. एकीला ते अजून पटलेलं नाही. मिळालेली मासळी पाहुण्यांचीच, पण आमच्याकडे शिजवली तर मसाल्याचे आणि चुलीचे वेगळे. मुडदुशी रव्यात तळलेली, नुसती मीठ-हळद-तिखट-आगळ लावून. नाही मिळाली मासळी तर पैसे परत नाहीत, हे आधी सांगा. काकी सांगतात तसं सांगा: "दर्यो काय आपल्या घरचो नाय."

काकींनी आता आणखी दोघींना शिकवलंय. त्यांचा मुलगा परवा बाटल्यांना तंगूस गुंडाळत बसलेला मी पाहिला. मी काही बोलले नाही.

ज्या गटांना बघायला यायचं आहे त्यांनी येत्या दशमीला पहाटे सव्वापाचपर्यंत पोचावं. एका गटातून दोघी, जास्त नको. जुनी साडी किंवा गाऊन, बॅटरी, आणि आमिषाची सुंगटं आपापली आणा, गेल्या वेळी आमची कमी पडली होती.