मानवयुगाची तारीख आणि मोखाड्याचा राब

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यात मानवयुगावर बोलायचं म्हणजे आधी पायाखालचा कातळ बघावा लागतो. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एवढ्या जुन्या कालगणनेत माणसाच्या नावानं एक नवं युग धरावं, असं पॉल क्रुट्झेन या नोबेल मिळवलेल्या रसायनशास्त्रज्ञानं 2000 साली सुचवलं आणि वाद पेटला.

धरायचं, तर कधीपासून? क्रुट्झेन यांनी जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाकडे, 1784 सालाकडे बोट दाखवलं. हवामानाच्या इतिहासाचे अभ्यासक विल्यम रडिमन म्हणाले, हजारो वर्षांपूर्वी जंगल तोडून शेती सुरू झाली, तेव्हापासूनच. पुढे भूवैज्ञानिकांच्या कार्यगटानं 1952 धरलं, कारण हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांचं प्लुटोनियम कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याच्या गाळात सापडतं. तारखा तीन, आणि प्रत्येक तारखेचा आरोपी वेगळा. रडिमन यांची तारीख घ्या, की नागली-वरईच्या रोपांसाठी जमिनीवर टहाळ-पालापाचोळा जाळून राब भाजणारा आपला वारली, कोकणा शेतकरीसुद्धा पिंजऱ्यात!

त्याला हे नवं नाही म्हणा. राबासाठी टहाळ तोडण्यावर इंग्रजी वनखात्यानं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे इथेही, निर्बंध आणले, ओरड झाली, तेव्हा 1885 साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जंगल कोण संपवतो, फांद्या छाटणारा की आगगाडीच्या स्लीपरसाठी झाडं आडवी करणारा? आंद्रेयास माल्म आणि आल्फ हॉर्नबोर्ग या स्वीडनमधल्या अभ्यासकांनी 2014 साली हेच जगाच्या पटावर विचारलं. वाफेची इंजिनं मूठभर मालकांनी बसवली. मग दोष अख्ख्या मानवजातीच्या माथी का? इतिहासकार दीपेश चक्रवर्ती म्हणतात, या संकटातून श्रीमंतही सुटणार नाहीत. शेवटी नसतीलही सुटत. पण शेवट यायच्या आधी बराच काळ जातो, आणि तो काळ कसा जातो ते इथे दिसतं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण उभं आहे, शंभर मीटरांहून उंच. रोज सुमारे 45 कोटी लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी ते बांधलं. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

मार्च 2024मध्ये भूवैज्ञानिकांच्या संबंधित उपसमितीनं मानवयुगाचा प्रस्ताव 12 विरुद्ध 4 मतांनी फेटाळला. बदल झालाच नाही, असं कुणी म्हणालं नाही. 1952च्या एका रेघेत तो मावत नाही, असा अनेकांचा आक्षेप होता. मला तो पटतो, पण तेवढ्यानं भागत नाही. काँक्रीट, प्लास्टिक, विटा उद्याच्या थरात उरतील, असं मानवयुगवाले सांगतात. उरतीलच. त्यातल्या कितीतरी विटा दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर जाणाऱ्या आपल्याच कुटुंबांनी थापलेल्या असतील. पण भट्टीमालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली की नाही, हे गाळ उपसून कळायचं नाही. त्यासाठी त्या मालकाची वही मागावी लागेल, आणि ती आजच मागता येते.