इंग्रजीतील मुका 'घ'



ओ, यू, जी आणि एच ही इंग्रजी वर्णमालेतील चार अक्षरे ह्याच क्रमाने एकापुढे एक उभी राहिली, म्हणजे त्यांचा उच्चार काय करावा हा प्रश्न मला आयुष्यभर छळीत आला आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, वाशीमकडील खेड्यापाड्यांतून मुलांना चार अक्षरे शिकवून निवृत्त झालेला मास्तर. भाषाशास्त्राचा अधिकार मजजवळ नाही. तथापि ह्या चार अक्षरांपायी माझ्या हातून एक अपराध घडला आणि त्याची टोचणी लागून मी जे काही धुंडाळले, ते आज आपणांपुढे ठेवावे असे मनात आहे.

गोष्ट 1984 सालची. आमचा वाशीम तालुका त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता. इंग्रजीचा आरंभ पाचवीपासून होत असे. सातवीच्या वर्गात एका शेतकऱ्याच्या मुलाला मी उभे करून धडा वाचावयास सांगितले. धड्यात नांगराला 'प्लाउ' आणि मुलीला 'डॉटर' असे शब्द आलेले. मुलगा अक्षरावर बोट ठेवून प्रामाणिकपणे वाचीत होता. त्याने वाचले, 'प्लौघ' आणि 'दौघतर'. वर्ग हसला. मास्तराने हसावयाचे नसते; पण मीही हसलो. त्या दिवसानंतर तो मुलगा इंग्रजीच्या तासाला उभा राही, परंतु तोंड उघडीत नसे. पुढे मॅट्रिकला त्याचा इंग्रजी हाच एक विषय राहिला आणि तो शेतीला लागला.

हसलो खरा; पण 'गुरुजी, मग हा घ लिहितात कशाला?' असे त्याने त्या वेळी विचारले असते, तर मजजवळ उत्तर नव्हते.

प्रथम ह्या कुटुंबातील मंडळींची ओळख करून घेऊ. 'रफ' म्हणजे खडबडीत, 'टफ' म्हणजे चिवट, 'इनफ' म्हणजे पुरेसे. ह्यांत शेवटी 'फ' ऐकू येतो. 'कॉफ' म्हणजे खोकला आणि 'ट्रॉफ' म्हणजे गुरांना दाणापाणी देण्याची दोणी. येथेही 'फ' आहे, पण स्वर निराळा. 'डो' म्हणजे मळलेली कणीक, 'दो' म्हणजे 'जरी'. येथे 'फ' नाहीसा झाला. 'थ्रू' म्हणजे आरपार. त्यात एक ओ अधिक घातला की 'थरो' होतो, त्याचा अर्थ सांगोपांग. आणि हे दोन मुळात एकच शब्द होत. 'बाउ' म्हणजे झाडाची थोरली फांदी, 'प्लाउ' म्हणजे नांगर. 'हिकप' म्हणजे उचकी. ह्या शब्दाचा खोकल्याशी वास्तविक काही संबंध नाही, परंतु कोणा शहाण्याला तो वाटला आणि त्याने 'कॉफ'चे शेपूट उचकीला जोडून दिले! ते आजही कित्येक जण तसेच लिहितात. अशा रीतीने लिहिणे एक आणि उच्चार सात-आठ.

ह्या गोंधळात एक पायवाट मात्र चांगली मळलेली आहे. चार अक्षरांपुढे टी आला की उच्चार 'ऑट' असा होतो: 'बॉट' विकत घेतले, 'ब्रॉट' आणले, 'फॉट' लढला, 'सॉट' शोधले, 'थॉट' विचार केला. नेहमीच्या शब्दांपैकी हा नियम मोडणारा एकच, 'ड्राउट', म्हणजे अवर्षण. आमच्या वऱ्हाडातल्या मुलांना तो शब्द निराळा शिकवावा लागत नसे. ह्याच रांगेतील नुसता 'ऑट' हा शब्द मला विशेष आवडतो. त्याचा अर्थ 'केले पाहिजे' असा. परंतु मूळचा तो 'देणे असणे' ह्या अर्थाच्या क्रियापदाचा भूतकाळ. आपणही 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' असे म्हणतो आणि 'मला जावे लागते' असेही म्हणतो. कर्तव्य हे एक प्रकारचे कर्जच आहे ही कल्पना दोन्ही भाषांना सुचावी, ह्याची मला मौज वाटते.

आता ह्या 'घ'कडे वळू. निवृत्तीनंतर वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी व्युत्पत्तिकोश हाती लागला, तेव्हा कळले की हा 'घ' जन्मतः मुका नव्हता. प्राचीन इंग्रजीत ह्या जागी घशाच्या तळातून घासून निघणारा एक ध्वनी होता. उर्दू जाणणारे लोक 'खुदा' म्हणताना जो 'ख' काढतात, त्याच्याशी त्याचे जवळचे नाते. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे त्यांच्या वळणाच्या लेखनिकांनी ह्या अनोळखी ध्वनीसाठी जी आणि एच ही जोडी योजिली. 1476 साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि शब्दांची लिखित रूपे हळूहळू पक्की होऊ लागली. नेमक्या त्याच सुमाराच्या दोन-तीन शतकांत इंग्रजांची जीभ पालटत होती. स्वर बदलले. घशातला तो ध्वनी कोठे अजिबात गळाला, तर कोठे ओठांच्या गोलाईमुळे पुढे सरकून त्याचा 'फ' झाला. छापील अक्षरे मात्र जागची हलली नाहीत. जर्मन लोकांनी तो ध्वनी अद्याप टाकलेला नाही. इंग्रज 'डॉटर' म्हणतो, जर्मन 'टॉख्टर' म्हणतो.

'डॉटर' ह्या शब्दात ओच्या जागी ए आहे. पण 'घ' तोच आणि गोष्टही तीच. ह्या शब्दाचे आपल्याकडील नातलग म्हणजे संस्कृतातील 'दुहितृ'. जेथे इंग्रजीत जी-एच, तेथे आपला 'ह'. हे वाचले आणि मी इतर शब्द पाहू लागलो. फांदी ह्या अर्थाचा 'बाउ' जुन्या इंग्रजीत खांद्यालाही लावीत. तो आपला 'बाहु'. कणकेचा 'डो' हा 'दिह्' म्हणजे लिंपणे, माखणे, ह्या धातूच्या कुळातला. त्याच धातूपासून आपला 'देह' झाला. म्हणजे मातीने लिंपून घडविलेला तो देह आणि पाण्याने मळून घडविलेली ती कणीक. ह्या 'ह'च्या पोटात जुना कंठ्य वर्ण दडलेला आहे, हे आपल्यालाही ठाऊक असते, फक्त लक्षात येत नाही. 'संदेह' म्हणणारा मनुष्यच 'संदिग्ध' म्हणतो. तेथे 'ह' जाऊन 'ग' प्रकट होतो. 'हन्' धातूचे 'कृतघ्न' आणि 'शत्रुघ्न' ह्या शब्दांत काय होते ते पाहावे. तेथे तर साक्षात 'घ'च उभा आहे.

मग माझ्या ध्यानात आले की 'दौघतर' वाचणारा तो मुलगा मूळ शब्दाच्या माझ्यापेक्षा जवळ उभा होता.

इंग्रजी लेखनाची थट्टा करण्याची आपल्याकडे चाल आहे. 'इनफ'मधील जी-एचचा 'फ', 'विमेन'मधील ओचा 'इ' आणि 'नेशन'मधील टी-आयचा 'श' घेऊन 'फिश' लिहिता येते, हा विनोद बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपविला जातो. तो त्यांच्या जन्माच्याही आधी, 1855 सालच्या एका पत्रात आढळतो. विनोद चांगला आहे, पण लबाडीचा आहे. शब्दाच्या आरंभी जी-एचचा 'फ' कधीच होत नाही. भूत ह्या अर्थाचा 'घोस्ट' सर्वांच्या परिचयाचा आहे.

आणि आपण जसे बोलतो तसेच लिहितो, हा आपला अभिमान तरी कितपत खरा? 'चमचा' शब्दातील दोन 'च' सारखे उच्चारून पाहावे. 'राम' लिहिताना शेवटच्या 'म'मध्ये 'अ' असतो, बोलताना तो नसतो. आमच्या वडिलांच्या पिढीची पत्रे काढून पाहिली तर 'नांव', 'कांहीं', 'घरांत' अशी टिंबांची रांगोळी दिसते. ती टिंबे बहुधा एके काळी नाकातून उच्चारल्या जाणाऱ्या स्वरांची खूण होती. उच्चार गेला, टिंब राहिले. 1962 सालच्या शुद्धलेखन नियमांनी ती काढून टाकली. मुलांची सोय झाली हे उघड आहे. मला मात्र ती पत्रे वाचताना आजही टिंबे बरी वाटतात.

आमच्या वऱ्हाडाचे उदाहरण तर याहून जवळचे. येथील घराघरांत 'डोळा' हा 'डोया' असतो, 'काळा' हा 'काया' असतो. पाटीवर मात्र आम्ही मुलांकडून 'ळ' गिरवून घेतो. घरी 'डोया' म्हणणारे आणि शाळेत 'डोळा' लिहिणारे पोर मुके अक्षर लिहिण्याचा धडा इंग्रजीच्या कितीतरी आधी शिकलेले असते. हे मला वेळीच उमजते, तर इंग्रजी शिकवणे किती सोपे झाले असते! 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा मी 'ळ'ची ही गोष्ट सांगूनच मुक्या अक्षरांचा पाठ घेऊ लागलो.

फार कशाला, आमच्या गावाचे नावच घ्या. 1939 साली वाशीमला सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट, काही संस्कृतात आणि काही प्राकृतात कोरलेला, 'वत्सगुल्म' येथून दिलेला आहे. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न लागते ते ह्याच वत्सगुल्म नगरात. प्राकृतात त्याचे 'वच्छोम' झाले, पुढे 'वाशीम' झाले, इंग्रजी अमदानीत कागदोपत्री 'बासीम' झाले. 1905 साली मोडला गेला तो बासीम जिल्हा, आणि 1998 साली पुन्हा झाला तो वाशीम जिल्हा. 'गुल्म'मधला 'ग' आणि 'ल' वाटेत कोठे सांडले कोण जाणे. आपण ते लिहीत नाही. इंग्रजांचे गाव असते, तर त्यांनी ती अक्षरे जपून ठेवली असती आणि शाळेतली पोरे त्यांच्या नावाने रडली असती.

असो. दोन वर्षांपूर्वी वाशीमच्या बाजारात तो विद्यार्थी अकस्मात भेटला. आता तो पन्नाशीचा, केस पिकलेला. बरोबर त्याची मुलगी होती, नववीतली. नमस्कार करून तो म्हणाला, "गुर्जी, इले सांगा बरं, थो घ काहून लिवतात ते. मले तवा कोनी सांगतलं न्हाई."

बाजूच्या चहाच्या दुकानात बसून मी आताच आपणांस सांगितले ते सारे तिला सांगितले. 'बाउ' आणि 'बाहु' ही जोडी ऐकून ती म्हणाली, "म्हणजे फांदी हा झाडाचा हात!" मग तिने पिशवीतून वही काढली आणि आणखी शब्द विचारू लागली. दोन शब्दांना मला उत्तर देता आले नाही; ते मी लिहून घेतले.

तिचा बाप इतका वेळ गप्प होता. चहा संपल्यावर त्याने विचारले, "म्हंजे गुर्जी, मी तवा चुकलो नव्हतो?"

मी म्हणालो, "वाचण्यात चुकला होतास. हसण्यात मी चुकलो होतो."

तो हसला आणि चहाचे पैसे मला देऊ देईना.